तिसऱ्या मिनिटाला अडकणारी सीडी

पटत नसेल त्याने इथूनच मागे फिरावं. आमचे मामा थापा मारत नाहीत. थापा मारायला लागतो तेवढा धीरच त्यांच्याकडे नाही.

रविवार होता. दुपारचे साडेतीन. त्यांची पुढची खोली, खिडक्या सताड उघड्या.

मामांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलं. राग कायम नाकावर. मामी मात्र गायची. जाण्याआधी तिने एक गाणं रेकॉर्ड केलं, त्याची एकच सीडी. "नंतर ऐकतो" म्हणत मामांनी ती कधी लावलीच नाही.

मामी वारल्यावर सीडी काढली, खसाखसा पुसली, लावली.

तिसऱ्या मिनिटाला अडकली...

"तूच ओरखडा पाडलास!" म्हणत मामांनी पोटच्या पोराला घराबाहेर काढलं. त्याने शपथा घेतल्या, पण ऐकतो कोण? दोन वर्षं झाली.

त्या रविवारी त्यांनी नवा सीडी ट्रान्सपोर्ट जोडला. म्हणजे फक्त सीडी फिरवून वाचणारं मशीन, आवाज पुढच्या डब्यातून निघतो.

"काका, तुमचा जुना प्लेअर न वाचलेली जागा अंदाजाने भरतो. हा नीट वाचतो," दुकानदाराने सांगितलं होतं. "पण सीडी गोल पुसू नका. मधून बाहेर, सरळ पुसा. गोल ओरखड्यापुढे सगळी मशीनं हात टेकतात."

"मला शिकवू नकोस!"

घरी येऊन मामांनी नेहमीचं पिवळं फडकं घेतलं. गोल गोल पुसलं. सीडी लावली.

आवाज लख्ख आला. मामीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

तिसरं मिनिट आलं...

गाणं अडकलं नाही. थांबलं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता. रस्त्याचाही नाही.

मग खुर्ची सरकली... स्पीकरमध्ये.

"पुसा, अजून पुसा गोल गोल!" मामीचा आवाज रागाने थरथरत होता. "आणि नाव माझ्या पोराचं घ्या!"

मामांनी वायर उपटली. सीडी काढून उजेडात धरली. सगळे ओरखडे गोल. फडकं फिरलं होतं तसेच. हत्याराची खूण ओळखायला लेथवाल्याला कोणी शिकवायला नको होतं.

बंद स्पीकरमधून आवाज आला...

"फोन करा."

पहिल्याच रिंगला मुलाने उचलला. तो रडत होता.

"बाबा, परत फोन केलात?"

"परत?"

"आत्ताच नाही का केलात? बोलला काहीच नाहीत. नुसतं आईचं गाणं ऐकवलंत. अख्खं."

"कुठे अडकलं नाही?"

"नाही."

मुलगा आता घरी येतो. मामा त्याच्यासमोर आवाज चढवत नाहीत. पण एकटे असले की स्वतःवरच चिडतात, सीडी लावतात, तिसऱ्या मिनिटाची वाट बघतात.

तिथे अजून खुर्ची सरकते...

त्या मिनिटापुढचं गाणं मामीने त्यांना आजवर ऐकू दिलेलं नाही.