नवसाची की नळीची?

“आई, मी नवसाची का नळीची?”

प्रांजलीने दप्तरही न उतरवता दारातूनच विचारलं! दहावीच्या विज्ञानाच्या तासाला काचनलिकेतल्या बाळाचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा, धडा झाला होता, आणि मधल्या सुट्टीत प्रियाने सगळ्या पोरींसमोर तिला डिवचलं होतं, “पंधरा वर्षं नवसाची म्हणून मिरवती ना? हिंमत असंल तर घरी इचारून दाखव!” ती हसतच आली होती... पण आईच्या, साधनाच्या, हातातला जुना लाल थर्मास ओट्यावर आदळला आणि प्रांजलीचं हसू ओठांवरच विरलं.

“आई... तू रडून राह्यली का?”

घरात दोघीच होत्या. आजी मीनाकाकूला घेऊन राजूरच्या गणपतीला गेल्या होत्या. काकूच्या लग्नाला आठ वर्षं झाली, मांडी रिकामीच. म्हणून दर संकष्टीला अनवाणी! मूल होईस्तोवर गोड खाणार नाही, असा तिचा नवस. पोळ्याला सगळ्यांच्या पानात पुरणपोळी वाढून स्वतः भाकर खायची, फिका चहा प्यायची आणि प्रांजलीच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, “तू आली ना राजूरच्या नवसानं, मंग तुझ्यामागं माझं बी येईल.”

“नळीची,” आई अस्फुट पुटपुटली. “या थर्मासात गोळेवाल्याकडचा बर्फ भरून तुझे पप्पा इंजेक्शनं आणायचे. फ्रीज कुठं होता तवा? रोज पोटात सुई... दोनदा राह्यलंच न्हाई. दवाखान्याच्या बाकड्यावर वडीगोद्रीची एक आशाबाई भेटायची, एकाच डब्यातली भाकर खायचो आम्ही. तिसऱ्या खेपेला माझं राह्यलं. तिला दिसू न्हाई म्हणून मी पेढे पिशवीत लपवले गं... मंग ती कधी दिसलीच न्हाई. अजून थर्मास हातात घेतला की वाटतं, झालं असंल का तिला?”

प्रांजलीचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी संतापही उसळला!

“आन् मीनाकाकू? ती तुझ्या घरातली आशाबाईच की! तिला का न्हाई सांगितलं?”

“मी शपथ घातली व्हती.” दारात पप्पा उभे होते. कल्याणरावांचा चेहरा उतरला होता. “तुझ्या आजीनं नवस केल्ता, म्हणलं नवसाचीच म्हणू दे. गाव तुला बाटलीतली पोर म्हणून चिडवंल... एवढंसं तर झाकायचं होतं.”

“एवढंसं?” पंधरा वर्षांत कधी न चढलेला साधनाचा आवाज आज चढला. “गुळानं पोरीची तुला झाली, गाव जेवलं, देवाला मान, सासूबाईला मान! माझ्या सुयांचं कोणी नाव काढलं न्हाई, ते बी राहू द्या! पण मीना फिका चहा पिती तवा माझ्या घशाखाली घोट उतरत न्हाई हो... वय चाललं तिचं! माझ्या पोरीकडं बघून ती वाट बघून राह्यली, आन् मी गप! किती पाप घेऊ डोक्यावर?”

पप्पा मटकन उंबऱ्यावर बसले. थर्मास उचलून त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने पुसला... पुन्हा पुसला.

“एसटीत हा मांडीवर धरून बसायचो. वाटायचं, तुझं निम्मं दुखणं मीच वाहून राह्यलो... आन् तुझं तोंड मीच बांधून ठिवलं. साधना... चुकलं माझं.”

साधनाने जवळ जाऊन थर्मासवरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

बाहेर जीप थांबली. “प्रांजू, परसाद घे गं!” काकूची हाक आली, मग अंगणातल्या खडीवर तिची अनवाणी, जपून पडणारी पावलं!

प्रांजलीने डोळे पुसले, चहाचं पातेलं गॅसवर चढवलं आणि दोघांकडे वळली.

“चिडवायचं ते प्रियानं आज चिडवलं. मेले का मी? मी नवसाची बी हाय आन् नळीची बी! काकूला दवाखान्यात न्यायचं, आन् बाकड्यावर तिच्या शेजारी आईनं बसायचं. पप्पा, तुमची शपथ आईला होती, मला न्हाई. मी ठरवलंय... काकूला मी सांगणार. आज. हा चहा गाळायच्या आत!”