या जेवायला

मोबाईल पालथे ठेवा आधी. ऋषिराज, तुझासुद्धा. लाइट तासभर काही येत नाही आता, आणि तुम्हाला गोष्ट पाहिजे ना? मग मधेमधे 'खरंच का आबा' असं विचारायचं नाही. ही माझ्या दोस्ताची गोष्ट आहे, नानासोची. त्यानं ती मला एकदाच सांगितली. बावीस वर्षं लष्कराचे ट्रक चालवलेला माणूस तो, बर्फातल्या घाटात डुलकी न काढणारा. पण सांगताना सारखा दाराकडे बघत होता.

नानासोला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याची गाडी बघितली असेल. पांढरी, उंच, मागच्या खिडकीला फुलाफुलाचा पडदा. फौजेतून आल्यावर त्यानं कारखान्याची गाडी चालवली, साठी झाली तसा तिथूनही सुटला. कडेगावच्या घरात तो आणि राहीबाई दोघंच. मुलगा अमृत माधवनगरला, मुलगी दीपमाला जतच्या पलीकडे हद्दीजवळच्या वस्तीवर दिलेली. लेकाकडे आठ दिवसांवर राहिलं की सुनेला अवघडल्यासारखं होतं, आणि लेकीच्या सासरी राहायचं तर लोक तोंडाला पदर लावून हसतात. मग या गड्यानं एक जुनी प्रवासी गाडी घेतली, आतल्या सीटा काढल्या, पलंग टाकला, शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. लेकरांच्या दारात गाडी उभी करायची, दिवसभर त्यांच्यात राहायचं, झोपायला आपल्या गाडीत. "जवळ असावं, पण पायात येऊ नये," असं तो म्हणायचा. गावानं तिला घरगाडी म्हणायला सुरुवात केली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणून हसणारे हसलेही. नाना म्हणायचा, माझा आजा मेंढरांमागं फिरला, मी लेकरांमागं फिरतो, तुमचं काय जातं.

तर दीपमालाला मुलगी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी, आणि त्याआधी दोनदा कूस रिकामी झाल्यावर. त्या पोरीवर सगळ्यांचा जीव टांगलेला होता. बाळंतपण खरं माहेरी व्हायचं, पण कडेगावच्या घराला बहुतेक कुलूपच, हिचं माहेरच चाकावर. मग ठरलं की माहेरानंच जाऊन तिच्या अंगणात उभं राहायचं. पंधरा तारखेला बारसं होतं आणि पाळणा माहेरचा.

आता तारीख ऐका. दोन हजार पंचवीसचा फेब्रुवारी, चौदा तारीख, शुक्रवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, उलट पुनव होऊन दोनच दिवस झालेले. सांगलीच्या सुतारानं पाळणा द्यायला संध्याकाळ केली, आणि माधवनगरहून निघेपर्यंत साडेपाच वाजले. अमृत आणि सून पूजा सकाळी मागून येणार होते. पाळणा सागवानी, कडेला कोरलेले पोपट. पलंगावर ठेवला तर नक्षी घासेल म्हणून नानानं तो गाडीतच छताच्या कडीला टांगला.

राहीबाई म्हणाली, "आवं, रिकामा पाळणा हलू देऊ नये. आणि ह्यो रस्ताभर हलणार."

"मग बांध की."

तिनं जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि पाळणा दोन्हीकडून पलंगाच्या पायांना बांधून टाकला. गाठी नानानं मारल्या, फौजी. मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं, पाळणा तसूभर हलला नाही.

नानाला साखर आहे. संध्याकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न जायला लागतं, नाहीतर हातपाय कापतात. पावणेआठच्या सुमारास त्यानं एका बंद पडलेल्या वजनकाट्यासमोर गाडी बाजूला घेतली. आजूबाजूला वस्ती नाही. एका अंगाला काढायला आलेली शाळूची ज्वारी, दुसऱ्या अंगाला नुसता माळ. राहीबाईनं डबा उघडला, भाकरी, भरलं वांगं, कांदा. गाडीच्या दारात पायरीवर बसून दोघं जेवायला लागली.

तेवढ्यात रस्त्यानं एक बाई आली. डोक्यावरून पदर, हातात काही नाही, चाल सावकाश. शेतातून घरी निघाली असेल, असं नानाला वाटलं. ती समोर आली तसं तो घास हातात धरून सवयीनं म्हणाला, "या जेवायला."

आता आपल्यात हे सगळेच म्हणतात. जेवताना कोणी समोरून गेलं की 'या जेवायला' म्हणायचं, आणि जाणाऱ्यानं 'होऊ द्या तुमचं' म्हणून पुढं सरकायचं. म्हणणाऱ्याला बोलवायचं नसतं आणि ऐकणाऱ्याला यायचं नसतं. एवढी साधी रीत.

ती बाई 'होऊ द्या' म्हणाली नाही. ती थांबली.

"येऊ?" तिनं विचारलं.

नाना ओशाळला. नाही कसं म्हणणार? "या की," म्हणाला. राहीबाई ताट काढायला आत वळली, नानानं सरकून पायरीवर जागा केली. ताट घेऊन राहीबाई वळली तर समोर रस्ता. दोन्हीकडं लांबपर्यंत मोकळा. शाळूत शिरली म्हणावं तर एक पान हललं नव्हतं.

"लाजली आसंल," नाना म्हणाला.

 राहीबाईनं ते रिकामं ताट परत ठेवलं, डबा झाकला आणि म्हणाली, "चला, उशीर हुतोय."

गाडी निघाली. सव्वाआठला चंद्र वर आला, रस्ता दुधासारखा लख्ख. नाना बारशाचं बोलत होता, कोण येणार, पोरीचं नाव काय ठेवणार. राहीबाई हूं-हूं करत होती. मग तिनं हूं करणंही सोडलं.

मागून आवाज येत होता. कडीचा. कर्र… कर्र…

"गाठ सुटली जनू," नाना म्हणाला.

"तुमच्या गाठी सुटत न्हाईत."

त्यानं आरसा वाकवून बघितलं. लुगड्याच्या पट्ट्या खाली लोंबत होत्या, पाळणा हलत होता. खड्ड्यानं हलतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं.

पाळणा हलत राहिला. एका लयीत. घाई नाही, थांबणं नाही. आणि रिकामा पाळणा हलका उडतो, तसा तो उडत नव्हता. दोऱ्या ताणलेल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. दीपमाला. समोर लावलेला फोन नानानं बोट लावून चालू केला तसा तिचा आवाज गाडीभर झाला.

"नाना, कुठवर आलासा?"

"आलोच… जत मागं टाकलं."

"सावकाश या. आणि आईला म्हणावं, आत्तापास्नं घसा नको ताणू, उद्या लय म्हणायचंय."

नानानं राहीबाईकडं बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"कशाचा घसा गं?"

"मागं पाळणा म्हणतीया न्हवं आई? ऐकू येतंय की मला."

गाडीत कडीशिवाय काही आवाज नव्हता.

फोन बंद करून नानानं खिशात टाकला. त्यानं मला सांगितलं, भीती मला तिथं वाटली नाही. मागं बघायचीही वाटली नाही. भीती वाटली ती पुढं बघताना. पुढं सहा किलोमीटरवर त्याच्या लेकीचं अंगण होतं, आणि त्या घरात बारा दिवसांचं पोर होतं. नऊ वर्षांनी झालेलं. आणि तो स्वतःच्या हातानं हे तिकडं घेऊन चालला होता. जेवायला बोलावून.

त्यानं गाडी चालू केली, पण दुसऱ्या गिअरच्या वर टाकेना. डांबरी सुटून वस्तीची कच्ची वाट लागते तिथं एक बाभूळ आहे. तिथून दीपमालाच्या अंगणातला मांडवाचा दिवा दिसत होता. बाभळीखाली त्यानं गाडी उभी केली.

"माघारी फिरवतो," तो म्हणाला. "सांगू, गाडी बिघडली."

"आन मग? किती दिस फिरणार हिला घेऊन?" राहीबाईचा आवाज अगदी बारीक होता, पण कापत नव्हता. "चूक माझी हाय. जेवायला बोलावलेलं माणूस उपाशी ठेवून मी डबा झाकला. उपाशी पाव्हणा मागं येणारच. तिला जेवू घालू, हितंच."

ती मागं गेली. पाळण्याला अंग लागू नये म्हणून भिंतीला चिकटून गेली. ताट काढलं, दीड भाकरी, वांगं, कांदा, तांब्याभर पाणी. बाभळीच्या बुंध्याशी जमीन हातानं झाडून तिनं ताट मांडलं.

"जेवा बाई," ती म्हणाली. "पोटभर जेवा. आमचं चुकलं."

दोघं ताटाकडं पाठ करून उभी राहिली. समोर मांडवाचा दिवा.

मागं कडीचा आवाज थांबला.

पत्रा कुरकुरला, गाडी एका बाजूला दबून परत वर आली. कोणी पायरी उतरल्यावर येते तशी.

मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मग भाकरी मोडल्याचा आवाज. शिळी होत आलेली भाकरी, तिचा पापुद्रा कडकन मोडतो ना… तसा. राहीबाईनं नानाचं मनगट धरलं.

खिशात फोन वाजला. दीपमाला. नानानं वाजू दिला, बंद पडला, परत वाजला. उचलला नाही तर जावई तानाजी मोटरसायकल घेऊन इकडं येईल, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं काढून बोट लावलं.

"नाना, गाडीचा दिवा दिसतोय मला. बाभळीपाशी का थांबलासा?"

"आलो… दोन मिन्टं. तू आत जा. पोरीपाशी जा."

"कोण भेटलंय का?"

 मागं पाण्याचे घोट. एक… दोन… तांब्या जमिनीवर टेकला.

पावलं जवळ आली. दोघांच्या मधे, अगदी खांद्यामागं थांबली.

"येते," ती म्हणाली.

आपल्यात निघताना 'जाते' कोणी म्हणत नाही, तुम्हाला माहीत आहे. निघणारा 'येते' म्हणतो आणि घरचा 'या' म्हणतो. नानाच्या जिभेवर तो 'या' आलाच होता. साठ वर्षांची सवय. राहीबाईनं झटक्यात त्याच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं.

 

नानाच्या हातातल्या फोनमधून दीपमालाचा आवाज आला. मोकळा, हसरा, घरच्या लेकीसुनेसारखा.

"हां, या. या की बाई."

…

मग म्हणाली, "कोण हुतं गं आई? वाटंत कुणाला बसवून आणलं हुतं का?"

नानानं फोन तिथंच टाकला. ताट टाकलं, तांब्या टाकला, गाडी त्या कच्च्या वाटेवर त्यानं अशी हाणली की टपावरची टाकी निखळून पडली. अंगणात पोचला तर सगळं जागच्या जागी. मांडवाखाली तानाजी खुर्च्या मांडतोय, दीपमालाची सासू रंगुबाई गहू निवडतेय, आत दीपमाला लेकीला पाजतेय. वस्तीवर कोणी आलेलं नव्हतं. नानानं चारचौघांना विचारलं, कोणी आलं नव्हतं. रात्रभर तो घराच्या दारात खुर्ची टाकून बसला. म्हणाला, गाडीत उकडतंय.

त्याला वर्ष उलटलं. घरगाडी अजून त्याच अंगणात उभी आहे. टायर मातीत बसलेत, खाली कोंबड्या अंडी घालतात. पायात येऊ नये म्हणणारा माणूस लेकीच्या सासरी उंबऱ्याला लागून झोपतो. अमृत रुसलाय, लोक हसतात, रंगुबाई तोंडानं काही म्हणत नाही पण तिलाही जड जात असणारच. सगळ्यांना वाटतं, नातीचा लळा. मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी त्याला चिडवलं, तेव्हा त्यानं मला हे सगळं सांगितलं. आणि बारशाच्या सकाळचं सांगितलं.

सकाळी साडेसातला रंगुबाईनं पोरीला न्हाऊ घातलं. डोक्यापासून पायापर्यंत, बेसन-साय लावून, धुपाचा शेक देऊन. अंग कोरडं करून दुपट्यात गुंडाळून तिनं पोर नानाच्या मांडीवर दिली आणि पाण्याची बादली उचलायला गेली. दार उघडं, नाना दारातच बसलेला. कोणी आत गेलं नाही, कोणी बाहेर आलं नाही. पोरीनं पाय झाडला तसा दुपट्यातून तिचा डावा पाय बाहेर आला.

तळव्यावर तीट होती. गोल, बोटाच्या टोकाएवढी.

नानाला वाटलं, रंगुबाईनं लावली. रंगुबाई म्हणाली, मी कुठली लावू, काजळाची डबी तर मामीनं आणायची असते. मामी म्हणजे पूजा, ती तेव्हा अजून मिरजेलाही पोचली नव्हती. घरात काजळ नव्हतंच.

नानानं अंगठ्यानं ती तीट पुसली. काजळ अंगठ्याला लागलं.

ओलं होतं.