खिडकीपाशी कॉट बसते का?

हसायचं तर हसा. पण हे माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलंय. आणि अजून घडतंय.

वेळही काही अपरात्रीची नाही. रविवारची दुपार, सगळ्यात वरचा मजला, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू. अशा वेळी कोण घाबरतं?

लहानपणी ती एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. चष्म्याच्या दुकानात काम करते. नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हाही ती हातपाय गाळून बसली नाही. पण या शहरात घर शोधायला लागली आणि तिचा पार दगड झाला.

सुट्टी आली की एजंटमागे जिने चढायचे. एकटी बाई? नको. लहान मूल? बघू, कळवतो. भाडं ऐकून आधी डोळे पांढरे व्हायचे. नंतर तेही होईनात.

लेक आजीकडे ठेवलेली. रोज फोनवर विचारायची, "आई, घर मिळालं?"

मग एक दिवस तिने विचारायचंच सोडलं. भिंगरीला ते जास्त लागलं.

त्या एजंटची एक रीत होती. एकाच घरासाठी दोघा-तिघांना एकदम बोलवायचं. जो आधी हो म्हणेल, घर त्याचं.

ती हे घर बघायला पोचली तेव्हा एक बारीकसे गृहस्थ आत होते. शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्यांनी नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी वाजवून पाहिली. मग खिशातून पत्र्याचा टेप काढला.

"ताई, जरा टोक धरता का? आईची कॉट बसते का बघतो. ती आता उठत नाही हो. निदान खिडकीतून बाहेरचं दिसावं."

भिंगरीने टोक धरलं. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या.

"बसते की!" केवढा आनंद झाला त्यांना.

आणि टोक हातात धरूनच भिंगरी एजंटला म्हणाली, "मी घेते."

हातातलं टोक सुटलं. सर्रर्र... खट.

गृहस्थ एवढंच म्हणाले, "बरं."

लेक आली. तिची कॉट त्या दोन खुणांमध्ये अगदी मापात बसली.

पहिल्याच रविवारी, जेवणं झाल्यावर...

नळ सुरू झाला. आपोआप बंद झाला.

मग खिडकीची कडी वाजली.

मग कॉटमागून... सर्रर्र... खट.

"आई, कोण आहे?"

"वरच्या मजल्यावर असेल कुणीतरी."

वर नुसती गच्ची होती.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी तिने एजंटला फोन लावला. त्या गृहस्थांना घर मिळालं का?

"ते होय? दुसरी खोली दाखवायला फोन केला होता," एजंट म्हणाला. "त्यांच्या भावाने उचलला. ते अचानक गेले म्हणे. मागोमाग आईही. भाऊ म्हणाला, आता दोघांनाही घर नको."

मी तिला म्हटलं, "अगं, सोड ते घर! आजच्या आज सोड."

"आणि जाऊ कुठे?" तिने विचारलं. आवाजात भीती नव्हती. काहीच नव्हतं.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होतो. लेक कॉटवर बसून चित्र रंगवत होती. आम्ही चहा घेत होतो.

नळ सुरू झाला...

माझा कप हातातच राहिला. भिंगरीने मात्र स्वतःचा कप शांतपणे खाली ठेवला.

"पाय वर घे गं," ती लेकीला म्हणाली आणि कॉट भिंतीपासून ओढली. मागे पेन्सिलीच्या दोन खुणा.

ती एका खुणेपाशी गुडघ्यांवर बसली. हवेत चिमूट धरली.

कडी वाजली...

सर्रर्र...

तिची बोटं पांढरी पडली. पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

"आता सोडत नाही," ती पुटपुटली. कुणाला, ते मी विचारलं नाही.

आम्ही खट व्हायची वाट पाहत होतो. ते झालंच नाही.

लेकीने वहीतून मान वर केली. दाराकडे पाहिलं.

"आई, आज काकांबरोबर एक आजीपण आल्यात."

आणि रंगपेटी उचलून ती गुपचूप एका बाजूला सरकून बसली.

कॉटची रिकामी बाजू... हळूहळू खाली दबली.

मी चप्पल कशी घातली, जिना कसा उतरलो, मला आठवत नाही. आता तिच्या घरी मी रविवारी पाऊल ठेवत नाही.

काल तिचा फोन आला होता. कशी आहेस, विचारलं.

"बरी आहे रे," ती म्हणाली. "घर चांगलं आहे. पाणीही कधी जात नाही."