दंडावरच्या दोन खुणा

फोटोतल्या मुलीच्या उघड्या दंडावर देवी टोचल्याच्या दोन खुणा होत्या. वरची गोल, खालची जराशी लांबट, आणि दोन्हींच्या कडा बारीक चुणलेल्या.

कुमुद शोकेसच्या काचेच्या आणखी जवळ गेली. धुळ्याच्या आग्रा रोडवरचा हा स्टुडिओ. शोकेसमधले बाकीचे सगळे चेहरे रिटचिंग करून गुळगुळीत केलेले होते. नवरदेवांच्या गालांवर एक पुटकुळी नव्हती, म्हाताऱ्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. मग या बिनबाह्यांच्या ब्लाउजवाल्या मुलीच्याच खुणा तेवढ्या का राखल्या असतील?

"दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे, सिस्टर."

आवाज मागून आला. कुमुद वळली आणि तिला आधी दिसली ती पॅन्ट. गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली घागऱ्यासारखी पसरलेली बेलबॉटम. मग मोठमोठ्या फुलांचा शर्ट, त्याची दोन्ही खांद्यांवर पंख पसरलेली कॉलर, कानाखाली उतरलेले कल्ले… आणि सगळ्यात शेवटी डोळे. ते हसत होते.

"मी सिस्टर नाही. कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर आहे."

"अरे! मग ही पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्या…"

"माझी आवड आहे. तुमची ही पॅन्टही आवडीची, की रस्ता झाडायचं काम मिळालंय?"

तो खळखळून हसला. "आवडीचीच. रस्ता झाडला जातो तो फुकटात. या ना आत. मी हिलाल बोरसे, हा स्टुडिओ माझाच."

कुमुदच्या हातातल्या पिशवीत वहिनीची नायलॉनची साडी होती आणि तसलाच एक बिनबाह्यांचा ब्लाउज. जळगावचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत अधिकारी. 'मुलगी जरा मॉडर्न हवी, फोटोही तसाच पाठवा,' असा निरोप होता. तिला लहानाची मोठी करणारा तिचा भाऊ, नाना, रोज ताटावर बसला की विचारायचा, "कुमुद, हो की नाही?" आणि ती रोज म्हणायची, "बघू, नाना." जळगावच्या आधीच्या स्थळांनाही तिनं असंच 'बघू' म्हणत म्हणत परत पाठवलं होतं.

"कपडे बदलायची खोली तिकडे," फोटो जळगावच्या बँकेतल्या स्थळाला पाठवायचाय हे तिच्याकडून ऐकून हिलालनं आरशाशेजारचं दार दाखवलं.

"बदलायचे नाहीत."

"अहो, पांढऱ्या पडद्यापुढे पांढरी साडी! फोटोत नुसतं डोकं आणि दोन हात दिसतील. जळगावचे लोक घाबरून जातील."

"मग पडदा काळा लावा. आणि फिल्मला उजेड थोडा कमी द्या, म्हणजे साडीच्या चुण्या दिसतील."

तो थबकला. "हे… तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सिल्व्हर नायट्रेटनं." तिनं बोटं पुढे केली. टोकांवर काळे डाग होते. हिलालनं आपली बोटं तिच्या बोटांशेजारी धरली. फोटो धुण्याच्या डेव्हलपरनं तपकिरी झालेली.

"निघत नाहीत ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"फोटोत मी पुसून टाकीन तुमचे."

"राहू द्या. माझेच आहेत."

काळा पडदा लागला. हिलाल कॅमेऱ्यामागच्या कापडात डोकं खुपसून म्हणाला, "आता पापणी हलवू नका."

"हलली तर?"

"तर… पुन्हा यावं लागेल."

त्यानं ते असं काही म्हटलं, की कुमुदची पापणी हललीच.

आठवड्यानं ती फोटो न्यायला गेली, तेव्हा बाकावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. हिलालची आई. "आठे बस वं, माय," म्हणत तिनं कुमुदला जवळ जागा करून दिली आणि ओंजळभर दाणे हातावर ठेवले.

"हलला हो तुमचा फोटो," हिलाल जमिनीकडे पाहत म्हणाला. "पुन्हा काढू या…"

तेवढ्यात पायऱ्या धडाधड वाजल्या. "हिल्या, शोकेसमधला माझा फोटो काढलास तर बघ!"

तीच मुलगी. आज बेलबॉटम, वर आखूड कुर्ता, केसांवर चढवलेला काळा चष्मा. तिनं येताच हिलालच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हातारीच्या सुपातले दाणे तोंडात टाकले.

"मन्हा भाऊनी पोर शे, लता," म्हातारी कौतुकानं कुमुदला म्हणाली. "हिलालकरता धाकलपणपासून ठरेल शे."

मामाची मुलगी. लहानपणापासून ठरलेली. कुमुदनं तोंडाकडे नेलेला हात खाली घेतला. हातातले दाणे तसेच राहिले. म्हणून तर त्या खुणा तशाच ठेवल्या! आपल्या माणसाचं काही पुसावंसं वाटत नाही. आणि कुमुदच्या बोटांवरचे डाग मात्र तो चटकन म्हणाला होता, पुसून टाकीन.

"छान झालं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "दोघांनी रस्ता वाटून घ्या. यांनी डावी बाजू झाडावी, तुम्ही उजवी."

लतानं आधी हिलालच्या पॅन्टकडे पाहिलं, नंतर आपल्या. मग इतकी हसली, की चष्मा खाली पडला. "हिल्या, ही कोण रे? मला फार आवडली!"

धड राग धरता येईल अशीही ती मुलगी नव्हती. कुमुद फोटो पुन्हा न काढताच घरी आली.

त्या संध्याकाळी तिनं वहिनीच्या आरशापुढे उभं राहून तो बिनबाह्यांचा ब्लाउज घातला. नायलॉनची साडी अंगाला चटचट चिकटत होती. पायाकडून ओढावी तर खांद्यावरून सुटत होती. हे कापड घामही टिपत नाही आणि जवळ विस्तव आला तर वितळून कातडीला बसतं. यात लोकांना काय आवडत असेल? पण तिची नजर राहून राहून दंडाकडे जात होती. तिच्याही दंडावर देवीच्या दोन खुणा होत्या, आजवर बाहीखाली झाकलेल्या. या खुणा तो राखील की पुसून टाकील? असला प्रश्न आपल्याला पडावा याचीच तिला लाज वाटली. आणि तरी तो पडत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती तोच वेश करून नानाबरोबर निघाली. आग्रा रोडवर कोपऱ्याशी नाना म्हणाला, "तू फोटो काढून घे. मी पोस्टातून पाकीट घेऊन येतो. आज जळगावला काहीतरी कळवलंच पाहिजे, बाई. किती दिवस लोकांना ताटकळत ठेवायचं?"

हिलालनं तिला दारात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे… जळगावसाठी?"

"हो."

"तुम्हाला आवडलं?"

"मुळीच नाही. पण तुमच्या शोकेसमध्ये असलंच शोभतं ना? काढा फोटो."

तो कॅमेऱ्याकडे गेला नाही. शर्टाच्या बटणाशी चाळा करत उभा राहिला. "मला ती पांढरी साडीच…" एवढं बोलून थांबला.

"तो फोटो तर हलला म्हणालात. निगेटिव्ह बघू."

"कशाला उगाच…"

"दाखवा तर."

त्यानं खणातून एक निगेटिव्ह काढून दिली. कुमुदनं ती खिडकीच्या उजेडात धरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती काळी.

"हललेल्या फोटोत माणूस दुहेरी दिसतं," ती सावकाश म्हणाली. "यात कुणीच नाही. ही कोरी फिल्म तुम्ही उजेडात उघडलीत आणि मग धुतलीत."

हिलालचे कान लाल झाले. "केमिस्ट्रीवालीशी खोटं बोलू नये."

"माझा फोटो कुठं आहे?"

तो डार्करूममध्ये गेला आणि एक फोटो घेऊन आला. काळ्या पडद्यापुढे पांढरी साडी, तिची चुणी न् चुणी दिसणारी. मांडीवर हात. बोटांवरचे डाग जसेच्या तसे.

"त्याच रात्री धुतला. चांगला निघाला… फार चांगला. म्हणूनच हातातून सुटेना. तो बँकवाला हा बघत बसेल, या विचारानं माझा जीव जळायला लागला. एवढंच."

कुमुदला हसू येत होतं आणि रडूही. पण एक गोष्ट अजून सलत होती. "आणि लता? तुमची ठरलेली?"

"ते मायनं ठरवलेलं! लताचं अमळनेरच्या एका प्राध्यापकावर मन आहे. त्याला दिसावा म्हणून तिनंच तो फोटो शोकेसमध्ये लावायला लावला. येतो बिचारा एस.टी.नं, उभा राहतो, जातो. मायला सांगायचा धीर आम्हा दोघांनाही होत नाही."

"मग तिच्या दंडावरच्या खुणा का नाही पुसल्या?"

"कसल्या खुणा?"

"देवीच्या. दोन आहेत."

हिलाल बाहेर गेला. शोकेसपुढे वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि डोकं खाजवत परत आला. "आहेत की हो! राहूनच गेल्या. इतकं निरखून मी तिच्याकडे पाहिलंच कधी?"

आणि मग त्याची नजर कुमुदच्या दंडाकडे गेली. तिनं पदर ओढला नाही. नायलॉनचा पदर तसाही ओढून राहिला नसता.

"तुम्हाला माझे कपडे आवडत नाहीत," तो हळूच म्हणाला.

"नाहीच आवडत. ही कॉलर तर अजिबात नाही."

"आणि मी…?"

पायरीवर चपला वाजल्या. नाना आत आला. हातात पाकीट, कपाळावर घाम. त्यानं हिलालला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नजर पुन्हा खाली, त्या बेलबॉटमच्या घेरावर नेऊन ठेवली. मग सुस्कारा टाकून कुमुदकडे वळला.

"झाला फोटो? चल मग. आणि आता तरी सांग, कुमुद. जळगावला काय कळवू? हो की नाही?"

जिभेवर सवयीचं 'बघू' आलं होतं. कुमुदनं ते गिळलं. हातातला फोटो तिनं हिलालच्या डागाळलेल्या बोटांत ठेवला.

"नाही कळवा, नाना. मला हिलाल बोरसेंशी लग्न करायचं आहे."

नाना एकदा तिच्याकडे, एकदा खाली पाहत राहिला. "या… या पॅन्टवाल्याशी?"

"हो, नाना," कुमुद म्हणाली. "पॅन्टसकट."