उलटी टांगलेली बाटली

"बस ना बाप्पा खाली! काहून छळून राहिला? कालपासून पाहून राहिलो, ना वर जात, ना खाली बसत..."

बांधावर करंजीच्या शेंगा वेचणारी शकुन थबकली. आवाज इंजिनच्या झोपडीमागून येत होता. तिनं डोकावून पाहिलं, तर माणूस एकटाच. जांभळाच्या फांदीला सलाईनची काचेची बाटली उलटी टांगलेली, तोंडाला रबरी नळी, नळीला चिमटा. आणि हा तिच्यासमोर हात जोडून उकिडवा बसलेला.

"कोणाले सांगून राहिले?"

तो दचकला. "तेलाले."

"ऐकते?"

"तुमच्या गावात माणसं ऐकत नाहीत, तेल काय ऐकन!"

हा केवळराम. तलावापलीकडच्या गावचा, नागपूरला बी.एस्सी. झालेला आणि नोकरीची वाट पाहण्यात तरबेज. ऐंशी सालचा उन्हाळा होता. साकोलीच्या डिझेल पंपावर माणसं दोन-दोन दिवस रांगेत बसत आणि रिकामे डबे घेऊन घरी येत. इकडे उन्हाळी धान पोटरीत आलेलं, आणि तलावाचं पाणी वर चढवणारं इंजिन डिझेलवाचून मुकं. करंजीचं तेल तसंच पाजलं, तर जाड तेलानं दोन दिवसांत त्याचा घसा बसे. केवळरामला कॉलेजातल्या सरांचं बोलणं आठवलं. गरम तेलात दारू आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं. तेल पातळ होऊन वर राहतं, जड गाळ खाली बसतो, तो नळीतून काढून टाकायचा. धान वाचेल या आशेवर पुंडलिकरावांनी, म्हणजे शकुनच्या वडिलांनी, त्याला झोपडी दिली, करंजी दिली, चुलीला लाकडं दिली.

दारू कोरडी हवी, हे सर म्हणाले होते. पण या भागात दारू म्हणजे मोहाची. केवळरामनं तीच ओतली.

शकुननं बाटलीतला लगदा बोटावर घेतला, चोळला. फेस आला.

"हा तं साबण झाला, बाप्पा!"

"कसा काय?"

"मोहाच्या दारूत पाणी असते ना. बी.एस्सी.त सांगत नाहीत वाटते?" तिनं पदराला बोट पुसलं. "भिंती पोतायचा कळीचा चुना पडला आहे आमच्याकडं. त्याले पाण्याची भारी हाव. दोन दिवस दारूत टाका, मंग पुन्हा गाळा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. बाटलीकडे पाहत होता तसाच... हात तेवढे जोडले नव्हते.

तिसऱ्या खेपेला जमलं. खाली काळा गाळ, वर मधाच्या रंगाचं तेल. मग ते कोमट पाण्यानं धुवायचं.

"हळू हालवा, शकुनबाई. जोरानं हालवलं तं फेस येते."

"तुमीच घाला ना त्याले आंघोळ. तुमचंच लेकरू."

"एकट्याचं कसं? चुना कोणाचा होता?"

यावर ती बराच वेळ नळीचा चिमटाच नीट करत बसली. चिमटा नीटच होता.

इंजिन आधी खोकललं, मग शिंकलं, मग फकफक सुरू झालं. धुराला कढईसारखा वास. धान वाचलं.

आणि पुढच्याच आठवड्यात साकोलीला डिझेल आलं.

पुंडलिकरावांनी दोन डबे भरून बैलबंडीत आणले आणि धानाच्या कोठीमागं, तरटाखाली झाकून ठेवले. त्याबद्दल ते बोलले नाहीत; केवळरामशिवाय त्यांना रोज पेपर वाचून कोण दाखवणार? शकुनची चंद्रभागा आत्याही बोलली नाही. बिघडलेल्या तेलाच्या साबणानं तिची लुगडी अशी निघत, की बाया विहिरीवर चौकशी करत. शकुन तर कोठी झाडताना तरटाला वळसा घालून झाडू मारी. आणि केवळराम रोज सायकलनं यायचा, करंजी सोलायचा, बाटली टांगायचा. कोणाच्या तोंडी डिझेल हा शब्दच येईना. तो शब्द निघाला, की केवळरामचं येणं संपलं.

असे वीस दिवस गेले. मग बुधवारी शकुन त्याच्याशेजारी येऊन बसली.

"उद्या तुमसरचे पाहुणे येऊन राहिले."

"काय पाहाले?"

"इंजिन," ती म्हणाली. "धुवून-पुसून, नवं लुगडं नेसून बसन ते."

त्याच्या बोटातला चिमटा सुटला. गाळ गेला, गाळापाठोपाठ चांगलं तेलही धो धो मातीत गेलं. दोघंही पाहत राहिले. बाटली रिकामी झाली.

"आता... पुन्हा करा लागन," तो हळूच म्हणाला. "तीन दिवस तं लागतीन."

"तीन दिवसांत माही सुपारीबी फुटन. करत बसा!"

ती तरातरा घरात गेली. तरट ओढल्याचा आवाज आला. मग तिनं डिझेलचा डबा दोन्ही हातांनी फरफटत आणला आणि अंगणाच्या मधोमध ठेवला. आवाज ऐकून केवळराम झोपडीकडून आला, तो थेट डब्यासमोर.

खाटेवर पुंडलिकरावांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. तो उलटा होता. आत्याच्या हातातलं लुगडं दोरीवर अर्धंच पडलं.

"डबा काहून काढला वं पोरी?" पेपरामागून आवाज आला.

शकुन फक्त केवळरामकडे पाहत होती, आणि या वेळी तिनं नजर चिमट्याकडे वळवली नाही.

केवळरामनं तेलकट हात पायजम्याला पुसले. पुन्हा पुसले.

"काकाजी, साकोलीच्या पंपावर वीस दिवस झाले डिझेल मिळून राहिलं. मी रोज त्याच्यासमोरूनच येतो." त्यानं डबा हातानं बाजूला सारला. "मी तेलासाठी येतच नाही. मी शकुनसाठी येतो."