रिकाम्या सीटचं वजन

ही गाडी घेताना मी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे मुलीच्या लग्नात जावयालाही विचारले नव्हते. सकाळी गार पडलेली असताना पहिल्या किल्लीला सुरू होते का, चढावर दमते का, वायपर काच खरवडतात का. विकणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी न कंटाळता सगळ्याची उत्तरं दिली. ही छोटी गाडी त्यांनीही जुनीच घेतली होती, आणि तिने एकदाही त्यांना रस्त्यात सोडलं नव्हतं. त्यांच्या आधीचे मालक एक मास्तर होते, त्यांचाही अनुभव हाच.

"फक्त शेजारच्या सीटचा पट्टा लावून ठेवत जा," किल्ली देताना त्या म्हणाल्या. "कुणी बसलेलं नसलं तरी. नाहीतर गाडी टुणटुणत राहते."

कुणी बसलंय का ते ओळखणारा सीटखालचा सेन्सर बिघडला असेल, मी म्हणालो.

मला गाडी हवी होती ती मुलीला गप्प करायला. बायको गेल्यापासून तिने धोशा लावला होता, की घर विका आणि आमच्याकडे राहायला या. दर रविवारी स्वतः गाडी चालवत तिच्या दारात जाऊन उभं राहिलं, की म्हातारा अजून धडधाकट आहे हे तिला दिसलं असतं. घर मला सोडायचं नव्हतं. पण त्या घरात संध्याकाळ एकट्याने काढणं मला असह्य होत होतं, आणि हे तिला सांगायची सोय नव्हती.

गाडीने मात्र नाव ठेवायला जागा ठेवली नाही. फक्त कोपऱ्यावर वळलं की टुण, टुण, टुण व्हायचं. मी हात लांबवून पट्टा खटकन लावायचो, की शांतता. सीटच्या मधोमध थोडा खळगा होता. जुन्या सीटला तो असतोच.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. काटा खोटं बोलायला लागला की मला जेवण गोड लागत नाही. तरी हा सेन्सर मी बरेच दिवस तसाच राहू दिला. कारण सांगायला लाज वाटते. पट्टा लावता लावता मी एकदा सहज विचारलं, "बसलात नीट?" मग सिग्नलवर कुरकुर करायला लागलो, गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगायला लागलो. बायकोशी बोलायचो तसंच सगळं, फक्त अहो-जाहो करून. वेडेपणा आहे हे कळत होतं, पण बरं वाटायचं.

एका रविवारी मुलीला बाजारात न्यायला निघालो. तिने पुढचं दार उघडलं, सीटला हात लावला, आणि दार लावून मागे जाऊन बसली.

"सीट गरम आहे, बाबा," ती म्हणाली. "आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी."

गाडी सकाळपासून सावलीत उभी होती. मी हसण्यावारी नेलं, पण ती रस्ताभर त्या सीटकडेच बघत होती. उतरताना म्हणाली, हे दुरुस्त करून घ्या, नाहीतर ही गाडी काढून टाका.

म्हणून गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या इलेक्ट्रिशियनला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो गाडीला वायर जोडून पडद्यावर तिची नाडी बघतो. पडद्यावर शेजारच्या सीटवरचं वजन दिसत होतं, बेचाळीस किलो. त्याने सेन्सर साफ केला, जोडण्या पाहिल्या. बेचाळीसच.

"काका, शून्य मारून टाकू का?" त्याने विचारलं. "आत्ता जे आहे त्यालाच रिकामं धरेल, मग वाजणार नाही."

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की काटा शून्य करण्याआधी पारडं रिकामं आहे ना हे बघायचं, आणि तेही नुसत्या डोळ्यांनी नाही, हात फिरवून. यावरून मी किती जणांना झापलं असेल. त्या दिवशी मी खिडकीबाहेरून एक नजर टाकली आणि म्हणालो, मार.

गाडी गप्प झाली. पट्टा लावायचं कारण उरलं नाही, आणि बोलायचंही. मुलीला फोन करून सांगितलं, तर ती खूश झाली. माझे मात्र ते दिवस फार वाईट गेले.

मग एका दुपारी जेवायला घरी आलो. शेजारच्या सीटवर सुट्या भागांचं खोकं होतं. ते घ्यायला त्या बाजूचं दार उघडलं, आणि जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं. बायकोला पूर्वीच्या गाडीत डुलकी लागायची, तेव्हा मी तिला म्हणायचो तेच, फक्त अहो-जाहो करून.

"चला, उतरा आता. घर आलं."

खोकं उचललं. दार जरा वेळ उघडंच राहिलं.

जेवून परत निघालो, तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. तसाच गॅरेजला गेलो. डॉक्टरने वायर जोडली आणि डोकं खाजवलं. सीटचं वजन उणे दाखवत होतं, उणे बेचाळीस.

त्याला कळेना. मला लगेच कळलं. भरलेलं पारडं शून्य धरलं आणि नंतर त्यातलं वजन उचललं, की काटा हेच दाखवतो.

मी सिस्टरना फोन लावला. सगळं सांगितलं.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" त्यांनी विचारलं.

एकटाच असतो, म्हणालो.

"मीही. मास्तरही एकटेच होते. पण आम्ही कधी उतरा म्हटलं नाही."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या दाराच्या आत अरुंद बोळ आहे. उंबऱ्याला लागून त्या बोळात पोती तोलायचा एक जुना काटा पडून आहे, गोल तबकडीचा. दुरुस्तीला आला तो कुणी परत नेला नाही. बायको त्यावरून शेवटपर्यंत बोलायची, कारण घरात शिरायचं तर त्याच्यावर पाय देऊनच शिरावं लागतं.

मी त्यावर उभा राहून दाराला आतून कडी घातली. पुढे उतरलो, चपला काढल्या. मागे तबकडीवरचा काटा खाली येताना करकरला. हा आवाज मी झोपेतही ओळखतो.

तो मधेच थांबला.

वळून पाहिलं. बेचाळीस.

मी घाबरलो, हे खरं. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला बरं वाटलं होतं.

"आलात?" मी विचारलं.

काटा थरथरला आणि सावकाश शून्यावर आला. माणूस उतरल्यावर येतो तसा.

त्या काट्याच्या एका बाजूला बंद दार आहे. दुसऱ्या बाजूला मी उभा होतो.