कानामागचे तीन दिवस

"ओली आहे. परत न्या."

माझ्या हातातली काचेची बाटली घेऊन उजेडाकडे धरत दुकानदार म्हणाला. ना या, ना बसा! मांगवोनच्या बाजारामागचं ते दुकान. बाटली घरून धुऊन न्यायची आणि हवं तेवढं क्रीम भरून घ्यायचं. मी धुतली होती की. तळाशी दोन थेंब राहिले असतील.

"दोन थेंबांनी काय बिघडतं?"

"क्रीम बिघडतं. टिकवणारी रसायनं नाहीत यात." मग जरा हळू... "वाळवून उद्या या. मी कुठे जात नाही."

छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, ग्यु-हान.

मी ये-सल. म्योंगदोंगच्या एका मोठ्या दुकानात सहा वर्षं मेकअपच्या काउंटरवर उभी आहे, आणि माझ्यासारखी लिपस्टिक त्या मजल्यावर कुणी विकत नाही. पण दोन महिने फाउंडेशनखाली माझे गाल नुसते जळत होते. लाल चट्टे उठले होते. अठराव्या वर्षापासून घराबाहेर कुणी माझा नुसता चेहरा पाहिलेला नव्हता. कचरा टाकायलासुद्धा मी भुवया रेखून जायची.

दुसऱ्या दिवशी मी कोरडी ठणठणीत बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"आता भरा."

"नाही. आधी कानामागे लावायचं, तीन दिवस थांबायचं. खाज नाही, लाली नाही, मगच भरायचं."

"झाडपाल्याचं आहे ना? मग भीती कसली?"

"डोंगरातलं ओतचं झाडही झाडपालाच आहे. नुसता हात लागला तर आठवडाभर अंग सुजतं."

"अहो, पण मला माझ्या कानामागचं दिसणार कसं?" मी केस वर धरले.

लाकडी काडीवर थेंबभर क्रीम घेऊन तो जवळ आला. काडी गार होती... त्याचा श्वास मात्र गार नव्हता. मी वळून पाहिलं, तर त्याचे दोन्ही कान लालबुंद!

"तुम्हाला तर न लावताच लाली आली," मी म्हणाले.

एका वेळी एकच वस्तू, हा त्याचा नियम. दोन लावल्या तर कोण चावलं ते कळणार कसं? म्हणून आधी क्रीम, मग तेल, मग साबण. दर तीन दिवसांनी मी हजर. माझ्याबरोबर काउंटरवर उभी राहणारी ह्ये-जो म्हणायची, "अगं, कानामागे अजून किती जागा उरलीय तुझ्या?"

मग एक दिवस तो म्हणाला, "आता गालाची पाळी. मेकअप न लावता या."

मी हसले, आणि नऊ दिवस तिकडे फिरकलेच नाही. खरं सांगते, भीती क्रीमची नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली तर... ही होती. तो मला आवडला होता, अगदी सपशेल.

दहाव्या दिवशी माझाच मला राग आला. एवढ्या लोकांचे चेहरे रंगवणारी मी, आणि स्वतःच्या चेहऱ्याला घाबरू? तोंड धुतलं, मास्क घरीच ठेवला आणि मेट्रोत बसले. कुणी चक्कर येऊन पडलं नाही.

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चट्टे उतरतील," तो म्हणाला. "आणि इथे... तीळ आहे."

"सहा वर्षं झाकलाय."

"नका झाकू." त्याच्या हातातली काडी खाली पडली. "नऊ दिवस दार वाजलं की मी मान वर करत होतो."

"मग? खाज सुटली होती?"

"नाही. जळजळ."

आमच्याकडे जमलं की त्या दिवसापासून दिवस मोजतात. शंभराव्या दिवशी अंगठ्या. त्याने घसा खाकरला. "मग... आज पहिला दिवस धरायचा?"

"छे! आधी चाचणी. तीन दिवस भेटू. लाली आली नाही, तर धरू."

"आणि आली तर?"

मी त्याच्या कानांकडे पाहिलं. "ती तर पहिल्याच दिवशी आली होती, वेड्या. धर आजपासून."

त्याने माझी बाटली घेतली आणि उजेडाकडे न धरताच भरायला निघाला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ओली आहे," मी म्हणाले. "मुद्दाम आणलीय. उद्या परत येते."